बिबींची संध्याकाळ: प्रकल्प नोंदी, दार-ए-सलाम, जानेवारी ते मार्च २०२४

१४ जानेवारी, रविवार

संक्रांत उद्या, पण उद्या सोमवार म्हणून इथल्या मराठी मंडळाचा तिळगूळ आजच झाला. तिथेच मार्चच्या कार्यक्रमाचा विषय ठरला: झांझिबारच्या एका तारब गायिकेबरोबर संध्याकाळ. तारब म्हणजे या किनाऱ्यावरचं अरबी वळणाचं गाणं. तिचं आयुष्य, तिचं गाणं, दीड-दोन तास, आणि आलेल्या प्रत्येकाला मराठीतून कळेल असं.

दर वर्षी आपण भारतातून कुणाला तरी बोलावतो. तिकिटं, व्हिसा, राहण्याची सोय यातच दमून जातो. आणि इथून दोन तासांच्या बोटीवर दीडशे वर्षांचं गाणं नांदतंय, तिकडे पाठ करून बसलोय. हे मी बैठकीत बोलले, जरा जोरातच बोलले. कुणी विरोध केला नाही.

कामाची वाटणी: मुलाखत, भाषांतर आणि शब्दपत्रिका माझ्याकडे. ध्वनी अकाउंटंट काकांकडे, त्यांनी नाशिकला राज्य नाट्य स्पर्धेची ध्वनियोजना केलेली आहे. स्वाहिली अडेल तिथे इथल्या विद्यापीठात शिकणारी झांझिबारची एक मुलगी मदत करणार. गायिका तिच्याच गल्लीतल्या. माझी स्वाहिली बाजारापुरती आहे, गाण्यापुरती नाही.

तारीख २ मार्च, शनिवार. त्यापुढे ढकलता येणार नाही, कारण दुसऱ्या आठवड्यात रमझान लागतो आणि रमझानात तारब बंद.

२० जानेवारी, शनिवार

सकाळी सातच्या बोटीने झांझिबार. गायिकेचं घर ङांबोत, मिचेंझानीच्या लांबलचक सरकारी इमारतींच्या मागच्या गल्लीत. ङांबो म्हणजे ‘पलीकडची बाजू’. खाडीच्या अलीकडे दगडी शहर, सुलतानाचा राजवाडा, व्यापाऱ्यांच्या हवेल्या; पलीकडे कष्टकरी, गुलामीतून सुटलेले, मुख्य भूमीवरून आलेले. खाडी केव्हाच बुजवली, नाव मात्र राहिलं.

त्यांनी पहिल्यांदाच सांगितलं, माझं नाव लिहायचं नाही, फोटो काढायचा नाही. ‘शब्द कवीचे, चाल क्लबची. माझं एकटीचं नाव काढशील तर ते खोटं होईल.’ म्हणून या नोंदींत मी त्यांना बिबी म्हणते. इथे आजीला आणि वयस्कर बाईला बिबीच म्हणतात.

मी ‘शिकामू’ म्हटलं, त्यांनी ‘मराहाबा’ म्हणून माझा हात हातात धरून ठेवला. वय बहात्तर. खोलीत चटई, पंखा, भिंतीला टेकून पायमशीन. आयुष्यभर पोट त्या मशीनवर चाललं, गाण्यावर नाही. संध्याकाळी क्लबात तालीम, पहाटे शाळेचे गणवेश शिवायला बसायचं. क्लबची मिळकत वाटून प्रत्येकाच्या हाती कितीशी येणार?

मी रेकॉर्डर चालू करून विचारलं, तुमची सुरुवात कशी झाली? त्या म्हणाल्या, ‘सुरुवात माझ्यापासून होत नाही. सितीपासून लिही.’

तर सितीपासून लिहिते. सिती बिंती साद, म्हणजे सादची लेक. जन्म १८८० च्या सुमारास, बेटाच्या नैऋत्येला फुंबा गावी. घरची माणसं गुलामीत पिचलेली. मुलीचं नाव ठेवलं होतं म्तुमवा. त्याचा अर्थच गुलाम. मातीची भांडी घडवायची, डोक्यावर घेऊन शहरात पायी यायचं, गल्लीबोळांतून हाळी देत विकायची. बिबी म्हणतात तो आवाज त्या हाळीतच तयार झाला. १९११ मध्ये ती शहरात राहायला आली. उस्तादांकडे शिकली आणि ‘सिती’ झाली. सिती म्हणजे खानदानी बाई.

त्याआधीचं तारब राजवाड्यातलं. सुलतान बर्घशने आपल्या दरबारातला एक माणूस, मोहम्मद इब्राहिम, कैरोला पाठवून कानून हे तंतुवाद्य वाजवायला शिकवून आणला. १९०५ मध्ये इख्वानी सफा हा क्लब निघाला, तो आजही आहे. पण गाणारे पुरुष आणि भाषा अरबी. सितीने तेच गाणं स्वाहिलीत म्हटलं. पाणी भरणाऱ्या बाईला कळेल असं.

आणि मग बिबी म्हणाल्या, ‘तुमच्या बॉम्बेला जाऊन गायली ती.’

१९२८ मध्ये सिती आणि तिचे साथीदार जहाजाने मुंबईला गेले आणि हिज मास्टर्स व्हॉइस कंपनीसाठी गायले. पूर्व आफ्रिकेतल्या बाईचा आवाज बाजारातल्या तबकडीवर आला तो असा, मुंबईतून. माझं माहेर गिरगावचं. अकरा वर्षं मी या किनाऱ्यावर राहते आणि ही गोष्ट मला आज कळते. परतीच्या बोटीत दुसरा विचार सुचला नाही.

२१ जानेवारी, रविवार

कालचं रेकॉर्डिंग: ३ तास १० मिनिटं. पहिली २० मिनिटं पंख्याची घरघर. पुढच्या वेळी पंखा बंद ठेवायचा, बिबींना उकडेल, तर खिडकीजवळ बसायचं.

रात्री सितीची जुनी ध्वनिमुद्रणं ऐकली. आधी फक्त खरखर, मग व्हायोलिन, मग तो आवाज. नाकातून येणारा, किंचित तिखट, प्रत्येक ओळीच्या शेवटी वळण घेऊन खाली उतरणारा. गोड म्हणवत नाही. पण एका खोलीतून पलीकडच्या अंगणात पोचेल असा. भांडी विकणाऱ्या बाईचा आवाज असाच हवा.

२८ जानेवारी, रविवार

समितीच्या बैठकीत आज विचारणा झाली की ‘उन्यागो’ची गाणी थोडीशी तरी होतील का, लोकांना उत्सुकता असते. नाही म्हणून सांगितलं. उन्यागो म्हणजे वयात आलेल्या मुलींना बायकांनी बंद दाराआड द्यायची शिकवण. ढोल, नाच आणि गाणी, लग्नसंसारातलं सगळं काही. बिबींनी त्याबद्दल बोलण्याआधी मला रेकॉर्डर बंद करायला लावला होता आणि मी केला होता. तो विषय तिथेच संपला. आपल्याकडेही मंगळागौरीच्या रात्रीची काही गाणी पुरुष दारात आले की थांबायची, हे बैठकीतल्या दोन मावशींनी आपणहून सांगितलं. त्यांचे आभार.

उन्यागोचा ढोल उघड्यावर, जगासमोर वाजवणारी म्हणून गाजली ती बी किदुदे. खरं नाव फातुमा बिंती बराका. नारळ विकणाऱ्याची मुलगी. लहानपणी सितीच्या मैफलीबाहेर लपून गाणी ऐकायची. घरातून पळाली, मुख्य भूमीवर अनवाणी हिंडली, गात राहिली. सिगारेट ओढायची, मोकळेपणाने बोलायची. २००५ मध्ये तिला वोमेक्स या जागतिक संगीत मेळाव्याचा पुरस्कार मिळाला तेव्हा आपलं वय किती हे तिलाही नेमकं ठाऊक नव्हतं. शंभरीच्या आसपास असावं एवढंच सगळे म्हणत. १७ एप्रिल २०१३ ला बुबुबू इथे गेली. बिबी तिला ओळखत होत्या. म्हणाल्या, ‘ती चालत गेली. मी बसून शिवलं. पण आम्हा दोघींना गाणं एकाच बाईकडून मिळालं.’

४ फेब्रुवारी, रविवार

मोठी चूक सापडली. कार्यक्रमाआधी सापडली हे नशीब. इथे तपशिलात लिहून ठेवते.

बिबींनी सितीच्या एका गाण्याची हकीगत सांगितली होती, ‘किजिती’. किजिती हे एका माणसाचं नाव. दार-ए-सलामहून पाहुणी आलेल्या एका गरोदर बाईचा त्याने खून केला आणि तो मुख्य भूमीवर पळून गेला. खटला झाला तो तिला सोबत घेऊन फिरणाऱ्या दोघी मैत्रिणींवर. त्या साक्ष द्यायला कोर्टात गेल्या आणि शिक्षा त्यांनाच झाली. सितीने हे सगळं गाण्यात घातलं आणि त्याची तबकडी निघाली.

मी रात्री अकराला बसून भाषांतर करत होते. बिबींच्या बोलण्यात ‘शाहिदी’ हा शब्द आला आणि माझ्या हाताने आपोआप ‘शहीद’ लिहिलं. ‘त्या दोन शहीद स्त्रिया.’ वाक्य भारदस्त दिसत होतं. समितीत तिघांनी वाचलं, तिघांनाही आवडलं.

आज विद्यापीठातली मुलगी आली. तिला मी प्रत्येक मराठी वाक्य पुन्हा स्वाहिलीत सांगत होते. ‘शहीद’चा अर्थ सांगितला तशी ती थांबली. ‘पण त्या मेल्या नाहीत. त्या बोलल्या.’

शाहिदी म्हणजे साक्षीदार. मूळ अरबी धातू एकच. आमच्याकडे येईपर्यंत त्याला मरण चिकटलं, त्यांच्याकडे तो कोर्टात उभा राहिला. माझ्या एका शब्दाने त्या दोघींना हुतात्मा करून टाकलं होतं. आणि त्यांचा खरा अपराध, म्हणजे पाहिलं ते तोंडाने सांगितलं, तोच पुसला गेला होता. मला हे फार लागलं. मारली गेलेली बाई वेगळी, बोललेल्या बाया वेगळ्या. सितीने गाणं केलं ते बोलणाऱ्यांना शिक्षा झाली म्हणून.

दुरुस्ती: चारही ठिकाणी ‘साक्षीदार’. शिवाय ‘हुकुमु’ला मी ‘हुकूम’ केलं होतं, तिथे ‘निकाल’ हवं. आता ओळखीच्या वाटणाऱ्या प्रत्येक शब्दाखाली लाल रेघ मारून मुलीला दाखवायचा. हबारी, सबाबू, हिसाबू, वकिली, किताबू: वरवर पाहता सगळी आपलीच मंडळी. प्रत्येकाला विचारूनच आत घ्यायचं.

एक मात्र घरचाच निघाला. स्वाहिलीत कवितेला ‘शाइरी’ म्हणतात, आणि कवीला ‘म्शाइरी’. म्हणजे आपला शाहीर. तो तसाच ठेवला.

१७ फेब्रुवारी, शनिवार

झांझिबारची दुसरी फेरी. मागच्या आठवड्यात जुन्या किल्ल्यात साउती झा बुसारा हा संगीत महोत्सव होता, राहायला जागा मिळणार नाही म्हणून थांबले होते.

आज वाद झाला, चांगला वाद. मी संगणकावर गाण्यांचे तुकडे करून नेले होते. ध्रुवपदं कमी, मधलं वादन कमी, प्रत्येक गाणं चार मिनिटांत. आपल्या लोकांना शब्द कळत नाहीत, कंटाळतील, असं माझं म्हणणं. बिबींनी दोन तुकडे ऐकले आणि कानातलं यंत्र काढून ठेवलं.

त्या म्हणाल्या, सितीला बॉम्बेला हेच करावं लागलं. तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं. रात्रभर चालणाऱ्या गाण्यातून तीन मिनिटं कापून तिने दिली, कारण तबकडी तेवढीच होती. ‘तुझ्याकडे कसली अडचण आहे?’

मी गप्प बसले. मग त्यांनी समजावून सांगितलं ते इथे उतरवते. तारबमध्ये गायिका हलत नाही. चेहरा शांत, हातात रुमाल. पुन्हा पुन्हा येते ती ओळ ऐकणाऱ्यांसाठी. पहिल्यांदा बाई ऐकते. दुसऱ्यांदा तिला वाटतं, हे माझंच आहे. तिसऱ्यांदा ती उठते, नोट हातात धरून, सगळ्यांच्या देखत चालत येते आणि गायिकेला देते. बरोबर त्याच ओळीवर. कधी नोट देताना डोळे दुसऱ्याच बाईवर असतात: सवतीवर, जावेवर, शेजारणीवर. एक शब्द न बोलता तिने उत्तर दिलेलं असतं. गाण्याच्या पोटात दडवलेल्या अर्थाला ‘फुंबो’ म्हणतात. म्हणजे कोडं. कवीने एका कारणाने घातलेलं कोडं दहा बायका दहा कारणांनी सोडवतात. पुनरावृत्ती कापली की उठून यायला वेळच राहत नाही.

माझे तुकडे रद्द. संध्याकाळी चारच गाणी होतील, पण पूर्ण.

जेवताना सिनेमाचा विषय निघाला. बिबी लहानपणी दगडी शहरातल्या मॅजेस्टिकला आणि एम्पायरला हिंदी चित्रपट बघायच्या. संवाद कळत नसत, चाल मात्र घरी येईपर्यंत पाठ. क्लबातल्या कवीने त्याच चालीवर स्वाहिली शब्द बसवायचे. कित्येक तारब गाणी अशी झाली. मी सांगितलं, आमच्या गिरगावातही मॅजेस्टिक होतं, भारताचा पहिला बोलपट १९३१ मध्ये तिथेच लागला. बिबी एवढंच म्हणाल्या, ‘मग आपण एकाच थिएटरात होतो.’

वडिलांचा विरोध, पडद्याआडून गाणं, लग्नानंतरची सात वर्षं बंद, मग नवऱ्यानेच क्लबात परत नेऊन सोडलं: हे सगळं आज रेकॉर्ड झालं. शांतपणे सांगतात. डोळे एकदाच भरले, पहिल्या व्हायोलिनवाल्याच्या आठवणीने.

२५ फेब्रुवारी, रविवार

हॉलची तपासणी. अडचण कानूनची. मांडीवर ठेवायचं वाद्य, ७० हून जास्त तारा, एका सुरासाठी तीन-तीन. एसीच्या थंड हवेत ठेवलं की दहा मिनिटांत उतरतं. काकांनी ठरवलं: एसी चारपासून बंद, खिडक्या उघड्या. रस्त्याचा आवाज आला तर येऊ दे. माइक बिबींना एक, कानूनला एक, व्हायोलिन आणि दुंबकला (हाताने वाजवायचा छोटा ढोल) मिळून एक. पडद्यावर मराठी ओळी मी स्वतः बोटाने पुढे सरकवणार. आधी वेळ बांधून ठेवता येत नाही, कारण एक ओळ किती वेळा येईल ते तेव्हाच ठरणार.

२ मार्च, शनिवार

रात्री साडेबारा. झोप येणार नाही, म्हणून लिहिते.

ऐंशी-पंच्याऐंशी माणसं. बिबी दुपारच्या बोटीने तिघा वादकांना घेऊन आल्या. अंगावर नवी कांगा, म्हणजे इथल्या बायका गुंडाळतात ते छापील सुती कापड, काठावर छापलेली ओळ: ‘हराका हराका हाइना बराका’. काका तारा जोडताना धावपळ करत होते, त्यांना बोलावून बिबींनी ती ओळ बोटाने दाखवली. भाषांतर लागलं नाही. बराका म्हणजे बरकत हे त्यांना ऐकूनच कळलं. घाईत बरकत नाही. काका खुर्चीवर बसले आणि मग खरंच सगळं जमलं.

पहिला तास बोलणं. मी विचारायचं, बिबी सांगायच्या, अडेल तिथे मुलगी सोडवून द्यायची आणि मी मराठीत आणायचे. सिती, मुंबई, पायमशीन, मॅजेस्टिक. मग सितीची आणखी एक गोष्ट. ती नावारूपाला आली तेव्हा तिला हिणवणारं गाणं कुणीतरी रचलं: ही कधीपासून माणसात आली, काळं कापड नेसून शहरात आलेली, आवाज नसता तर खाल्लं काय असतं? काळं कापड म्हणजे कानिकी, गुलाम आणि गरीब बायका नेसायच्या ते. सितीने उत्तर गाण्यातच दिलं: रूप आणि मोठं कूळ यांचं काही अडत नाही, माणसाचं खरं नुकसान अक्कल नसण्यात आहे.

बिबींनी हे दुसरं गाणं म्हटलं. कानूनने सुरुवात केली, व्हायोलिनने तीच ओळ उचलली, आणि बहात्तर वर्षांचा तो आवाज, वरच्या सुरात जरा फाटणारा, ओळीच्या शेवटी सितीसारखाच वळून उतरला. पडद्यावर मी मराठी ओळ ठेवली. पहिल्यांदा. दुसऱ्यांदा. तिसऱ्या वेळी मधल्या रांगेतून एक बाई उठल्या. आपल्या लेकीकडे महिनाभर राहायला आलेल्या, साताऱ्याकडच्या, मंडळात फारशा कुणाशी न बोलणाऱ्या. पर्समधून नोट काढली, पदर सावरला, मधल्या वाटेने सावकाश चालत आल्या आणि बिबींच्या हातात ठेवली. बिबींनी मान किंचित लववली, सूर सोडला नाही, आणि ती ओळ चौथ्यांदा घेतली, खास त्यांच्यासाठी. त्या बाई परत जाताना कुणाकडे बघत होत्या ते मी पाहिलं. लिहिणार नाही.

मग ‘किजिती’. बिबींनी आधी हकीगत पूर्ण सांगितली. ‘साक्षीदार’ हा शब्द पडद्यावर आला तेव्हा मी एकदा मुलीकडे बघितलं. बिबींनी दोनच कडवी म्हटली आणि वादकांना हाताने थांबवलं. म्हणाल्या, ‘हे गाणं टाळ्यांसाठी नाही. कोर्टाने चुकीच्या बायकांना पकडलं, तेव्हा सितीने दारोदार जाऊन सांगितलं की खरा कोण. तबकडी वाजेल त्या प्रत्येक घरात किजितीचं नाव पोचलं.’ टाळ्या झाल्या नाहीत. खिडकीतून बोडाबोडाचा, म्हणजे भाड्याच्या मोटरसायकलचा, हॉर्न येत होता.

साताऱ्याच्या बाईंनीच प्रश्न विचारला, बसल्या जागेवरून, ‘आमच्याकडं जात्यावर असंच गायच्या. सासूचं, नवऱ्याचं, कोर्टाचं नव्हं. पण ते ऐकायला जातंच असायचं फक्त. हिला तबकडी मिळाली.’ प्रश्न नव्हताच तो. मी तो स्वाहिलीत सांगायला लागले आणि जातं या शब्दावर अडले. मुलीने हाताने गोल फिरवून दाखवलं. बिबी म्हणाल्या, त्यांच्या आजीकडेही होतं. आणि विचारलं, तुम्हाला येतं का म्हणायला?

त्यांनी दोन ओव्या म्हटल्या, माइक न घेता. कानूनवाल्याने वाजवायचा प्रयत्न केला नाही, तार हाताने दाबून धरली आणि ऐकत राहिला.

३ मार्च, रविवार

हिशेब जुळला. ओव्यांचं रेकॉर्डिंग लांबून आलंय, पण शब्द स्पष्ट आहेत. काका म्हणतात खिडक्यांचा आवाज काढून टाकू का. नको, असू दे.

९ मार्च, शनिवार

रमझानच्या आधी जाऊन आले. पेन ड्राइव्हमध्ये पूर्ण संध्याकाळ, न कापलेली, २ तास २५ मिनिटं. शिवाय शब्दपत्रिकेच्या दोन प्रती. बिबींनी पत्रिका डोळ्यांजवळ धरली आणि विचारलं, तो शब्द कुठे आहे, ज्याच्यावरून तुम्ही दोघी भांडलात? दाखवला. म्हणाल्या, मोठा काढून दे. पत्रिकेच्या मागे मी शिवणाच्या खडूने ‘साक्षीदार’ लिहिलं. त्यांनी बोटाने एकेक अक्षर गिरवलं, ‘क्ष’पाशी थांबून हे काय म्हणून विचारलं, आणि कागद घडी घालून मशीनच्या खणात बॉबिनांच्या डब्याखाली ठेवला.

ओव्यांचे शब्द स्वाहिलीत करून हवेत, असं त्यांनी सांगितलंय. साताऱ्याच्या बाई या महिन्याच्या शेवटी भारतात परतणार. त्याआधी त्यांच्याबरोबर दोन दुपारी बसायचं, आणखी किती येतात ते विचारायचं.

ईदच्या मैफलीचं आमंत्रण आहे, क्लबच्या अंगणात. बोटीची तिकिटं आत्ताच काढायला हवीत, ईदच्या आठवड्यात मिळत नाहीत.